हातमोज्यातले पत्ते : कार्डिनीच्या सरावाचं प्रकरण

रंगमंचावर पत्त्यांची हातचलाखी शिकायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण आधी दुकान गाठतो आणि मग आरशासमोर उभा राहतो. कुठला कॅट घ्यायचा हा एक प्रश्न, सराव कसा करायचा हा दुसरा, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही अशी त्याची समजूत असते. ही समजूत घालवायला एक प्रकरण पुरतं. ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे, वेल्समधल्या एका माणसाचं आहे, आणि पत्ते हाताळणाऱ्या कुणालाही त्यातून आजच्या कामाचं बरंच काही मिळतं.

रिचर्ड व्हॅलेंटाइन पिचफोर्डचा जन्म १८९५ सालचा, स्वान्सीजवळच्या मम्बल्स गावातला. जग त्याला कार्डिनी या नावाने ओळखतं. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्यात होता आणि खंदकात त्याच्याजवळ पत्ते असायचे. मोकळा वेळ मिळाला की बोटं चालवायची, एवढाच त्याचा दिनक्रम. पण तिथली थंडी अशी की उघड्या हाताने पत्ता धरवत नसे. त्याने हातमोजे काढले नाहीत आणि पत्तेही खाली ठेवले नाहीत. हातमोज्यांसकटच सराव चालू ठेवला. पुढे जखमी होऊन इस्पितळात पडला, तिथेही हात थांबले नाहीत. युद्धानंतर लंडनमध्ये जादूच्या साहित्याच्या विक्रीचं काम केलं, १९२०च्या दशकात ऑस्ट्रेलियात गेला, कार्डिनी हे नाव तिथे घेतलं, आणि १९२६ साली अमेरिकेत पोचला. पुढच्या वर्षी स्वॅन वॉकरशी लग्न झालं. बहुतेक सगळ्या कारकिर्दीत ती रंगमंचावर त्याच्यासोबत हॉटेलातल्या पोऱ्याच्या गणवेशात उभी राहिली.

त्याचा प्रयोग शब्दाविना चालायचा. डोळ्यावर एकभिंगी चष्मा, उंच टोपी, झगा, पांढरे हातमोजे, आणि थोडी चढलेली. रात्री उशिरा घरी निघालेला इंग्रज सद्गृहस्थ. त्याला जादू करायचीच नाही. त्याच्या हातात मात्र पत्ते येत राहतात. तो वैतागून टाकतो, तर पुन्हा येतात. एकेक पत्ता, मग पंख्यासारखा उघडलेला पत्त्यांचा पिसारा, तो टाकला की दुसरा पिसारा. पुढे बिलियर्डचे गोळे आणि पेटलेल्या सिगारेटी. १९५७ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर हा प्रयोग दाखवला गेला आणि त्याचं चित्रण शिल्लक आहे. मी खाली जे म्हणतो आहे ते त्या चित्रणावरून कुणालाही पडताळून पाहता येईल.

आता मूळ अडचणीकडे येऊ. हातमोजे घालून पत्ते हाताळणं किती अवघड, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी बॅक पाम नेमका कसा चालतो ते समजून घ्यायला हवं.

बॅक पाममध्ये पत्ता हाताच्या मागे असतो. तळवा प्रेक्षकांकडे, बोटं सरळ, आणि पत्ता मधल्या दोन बोटांच्या पाठीवर. त्याच्या दोन लांब कडा कोपऱ्यांजवळ धरल्या जातात, एक तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत, दुसरी अनामिका आणि करंगळीच्या चिमटीत. समोरून हात रिकामा दिसतो. पण पत्त्याची रुंदी त्या दोन बोटांच्या रुंदीपेक्षा जास्त, म्हणून तो सपाट राहू शकत नाही. बोटांच्या पाठीवर कमानीसारखा वाकतो, आणि कोपऱ्यांची टोकं बोटांच्या फटीतून जराशी पुढे येतात. ही टोकं दिसली की खेळ संपला. नवख्याचा सगळा झगडा या काही मिलिमीटरशी असतो.

एका पत्त्याचं हे एवढं. रंगमंचावर मात्र हाताच्या मागे दहा, पंधरा, कधी वीस पत्ते एकत्र असतात. बोटं आत दुमडायची, अंगठ्याने वरचा एकच पत्ता पकडायचा, बोटं पुन्हा सरळ करायची. एक पत्ता बोटांच्या टोकाशी प्रकटतो, बाकीचे परत मागे जातात. हे सलग, एका लयीत. नेहमीच्या कॅटमधले बावन्न पत्ते मिळून साधारण १६ मिलिमीटर जाडीचे भरतात, म्हणजे एक पत्ता ०.३ मिलिमीटर. पंधरा पत्त्यांचे झाले साडेचार मिलिमीटर, वीसचे सहा. ती जाडी चिमटीत धरून बोटं एकमेकांना चिकटलेली दाखवायची आहेत.

यात हातमोजा आला की तीन गोष्टी बिघडतात. कापड पत्त्यावर कातडीपेक्षा जास्त घसरतं. हाताला असलेला किंचित ओलावा ही पत्ते धरणाऱ्याची खरी मदत, ती गेली. दुसरं, अंगठ्याला पत्त्याची कड जाणवत नाही. एक सुटला की दोन सुटले, हे बोटाला कळत नाही. प्रेक्षकाला दोन पत्ते एकत्र आलेले दिसत नाहीत, पण हाताच्या मागचा साठा ठरल्यापेक्षा लवकर संपतो, संगीताचा तुकडा अजून बाकी असतो आणि कलावंत मध्येच हात रिकामे घेऊन उभा राहतो. तिसरं, कापडामुळे प्रत्येक बोट जाड होतं आणि बोटांमधल्या फटीत पत्त्याच्या कोपऱ्यासाठी जागा कमी उरते.

तरीही कार्डिनीने पत्त्यांचा भाग हातमोज्यांतच ठेवला. याचं सगळं श्रेय थंडीला देणं मला पटत नाही. युद्ध संपलं, नाट्यगृहं उबदार होती, हातमोजे काढायला काहीच हरकत नव्हती. पण सरावाच्या काळात अडचण म्हणून आलेल्या वस्तूने त्याला असं काही दिलं होतं जे उघड्या हाताकडे नव्हतं. उघडा हात कष्ट लपवू शकत नाही. चिमटीतल्या पत्त्यांचा ताण मनगटाजवळच्या शिरांवर दिसतो, बोटांची पेरं पांढरी पडतात, कडक झालेली करंगळी चाणाक्ष प्रेक्षकाच्या नजरेत भरते. हातमोजा हे सगळं झाकतो. शिवाय पांढऱ्या कापडावर पत्त्याची पांढरी कड उठून दिसत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीच्या फटीतून डोकावणारा पांढरा कोपरा तिसऱ्या रांगेतून दिसतो. पांढऱ्या हातमोज्यात तोच कोपरा विरून जातो. आपल्याकडच्या कलावंतांना हा मुद्दा विशेष लागू आहे आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की रात्रीच्या मेजवानीहून परतणाऱ्या गृहस्थाच्या हातात हातमोजे असणारच. मोजे घातलेल्या हाताने कुणी पत्ते लपवू शकेल असं प्रेक्षकाच्या मनातही येत नाही. अडचण आणि भूमिका एकच झाली.

आता पत्त्यांच्या निवडीकडे वळू. या प्रकरणाचा धडा घेऊन आज कुणी पत्ते निवडायला बसलं तर माझ्या मते पहिली गोष्ट बघायची ती रुंदी. बाजारात मुख्य मापं दोन. पोकर मापाचा पत्ता साधारण ६३ मिलिमीटर रुंद, ब्रिज मापाचा ५७. उंची दोन्हींची ८९च्या आसपास. सहा मिलिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण बॅक पाममध्ये तो सगळा कोपऱ्यांवर येतो. लहान हाताच्या मुलामुलींना पोकर मापावर महिनोन्महिने झुंजवणं मला योग्य वाटत नाही. ब्रिज मापाने सुरुवात करावी, हालचाल बसली की मोठ्या मापाकडे जायचं की नाही ते ठरवावं. मोठा पत्ता मागच्या रांगेतून जास्त भरीव दिसतो हे खरं आहे. पण कोपरा दिसला तर त्या भरीवपणाचा उपयोग काय.

मग जाडी. कडक, जाडजूड पत्ता हातात घेतला की दर्जेदार वाटतो आणि नवखा त्यालाच भुलतो. टेबलावरच्या खेळाला तो चांगलाच. बॅक पामला मात्र पत्ता बोटांभोवती वाकला पाहिजे, आणि पंधरा जाड पत्ते एकत्र वाकायला नकार देतात. म्हणूनच रंगमंचासाठी पातळ कागदाचे खास पत्ते निघतात, किंवा वापरून मऊ झालेला जुना कॅट राखून ठेवला जातो. फार मऊ झालेल्याचीही पंचाईत होते. त्याला कायमची पन्हळ पडते आणि त्याचा पिसारा सरळ उघडत नाही.

तिसरी गोष्ट पृष्ठभाग, आणि इथे खरी ओढाताण सुरू होते. चांगल्या कागदी पत्त्यावर बारीक खळग्यांचं नक्षीकाम दाबलेलं असतं. त्या खळग्यांमुळे दोन पत्ते पूर्ण चिकटत नाहीत आणि एकमेकांवरून समान सरकतात. पिसारा गोल आणि सारख्या अंतराचा उघडायचा तर हे सरकणं हवंच. त्यासाठी काही जण झिंक स्टिअरेटची बारीक पूडही पत्त्यांना लावतात. (ती नाकातोंडात जाऊ देऊ नये, पंख्याखाली तर मुळीच उघडू नये.) पण जो गुण पिसाऱ्याला हवा तोच हातमोज्यातल्या बॅक पामचा शत्रू. पूड लावलेले पत्ते कापडाच्या चिमटीतून सटकतात. तेव्हा एकाच कॅटकडून दोन्ही कामांची अपेक्षा ठेवणारा कलावंत दोन्हीकडे अर्धवट राहतो.

यावरचा उपाय साधा आहे, आणि तो सुचायला पत्त्यांकडे जुगाराच्या डावातली वस्तू म्हणून बघणं सोडावं लागतं. रंगमंचावर बावन्न पत्त्यांचा पूर्ण कॅट लागतच नाही. कार्डिनीचा प्रयोग बघा, पत्ते आले की टाकले जातात. कुणी मोजत नाही, कुणी पिसत नाही, कुणाला पत्ता ओढायला सांगितला जात नाही. मग एकेक पत्ता काढण्यासाठी एक गड्डी, पिसाऱ्यांसाठी दुसरी, अशी विभागणी सहज करता येते. पहिली न पूड लावलेली, पातळ, किंचित मऊ. दुसरी नवी आणि सरकती. दोन्हींच्या पाठीची नक्षी सारखी असली की झालं.

पाठीच्या नक्षीबद्दलही दोन शब्द. बायसिकल हा छाप १८८५ पासूनचा, बी हा १८९२चा, आणि दोन्ही अमेरिकेतल्या एकाच कारखान्याच्या घराण्यातले. बायसिकलच्या पाठीला पांढरी चौकट असते, त्यामुळे पिसाऱ्यात प्रत्येक पत्ता वेगळा उठून दिसतो. बीच्या हिऱ्यांच्या जाळीला चौकट नसते, ती कडेपर्यंत भिडते, आणि पिसारा एकसंध रंगाचा दिसतो. यातलं एक चांगलं, दुसरं वाईट असं नाही. पण पांढऱ्या हातमोज्यात कोपरा लपवायचा असेल तर पांढरी चौकट मदत करते, आणि काळा कोट, उघडा हात असेल तर हिशेब बदलतो. हे कॅट घेण्याआधी ठरलेलं असावं.

पुढची बाजू अनेक जण विसरतात. एकेक पत्ता प्रकटतो तेव्हा प्रेक्षकाला त्याचं तोंड दिसतं. इस्पिकची नश्शी किंवा दश्शी लांबून ठिपक्यांचा करडा गोंधळ दिसतो. राजा, राणी, गुलाम रंगीत चौकोन म्हणून दिसतात, एक्का पांढराशुभ्र. गड्डी लावताना कुठला पत्ता कधी दिसणार याचा क्रम मी लाल-काळा आळीपाळीने लावायला सांगतो, म्हणजे प्रत्येक नवा पत्ता खरोखर नवा वाटतो. सलग तीन किलवर आले तर तोच पत्ता पुन्हा दाखवला असा संशय येतो.

सरावाबद्दल हे प्रकरण जे सांगतं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. सर्वसाधारण क्रम असा असतो : उघड्या हाताने हालचाल शिकायची, ती पक्की झाली की पोशाख चढवायचा, शेवटी रंगमंच. कार्डिनीच्या बाबतीत परिस्थितीने हा क्रम उलटवला. त्याच्या हाताला हालचाल हातमोज्यांतच ओळखीची झाली. ज्याने वर्षभर उघड्या हाताने पंधरा पत्ते सफाईने काढले आणि मग प्रयोगाच्या आठवड्यात हातमोजे घातले, त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. कारण त्याचा अंगठा कातडीच्या जाणिवेवर अवलंबून राहायला शिकलेला असतो. हातमोज्यांत शिकलेला अंगठा कोनावर आणि लयीवर अवलंबून राहतो, आणि त्या दोन्ही गोष्टी कुठल्याही हवामानात सोबत येतात.

म्हणून माझं सांगणं असं की प्रयोगात जे अंगावर असणार ते सरावात पहिल्या महिन्यापासून असावं. कोट असेल तर कोट, कारण बाहीची शिवण कोपर वर उचलताना आडवी येते. बूट असतील तर बूट. सराव उभ्याने करावा. बसून शिकलेली हालचाल उभं राहिल्यावर छातीसमोर येते, आणि हात खांद्याच्या उंचीला नेला की मनगटाचा कोन बदलतो. सुरुवातीला पलंगाजवळ उभं राहावं, म्हणजे पडलेले पत्ते वाकून उचलण्यात जीव जात नाही. पत्ते पडणारच. ज्याचे पडत नाहीत तो चिमटी गरजेपेक्षा जास्त आवळतो आहे.

एकाच पत्त्यावर बराच काळ घालवावा. एक पत्ता मागे नेणं, पुढे आणणं, हात उलटवून पाठ दाखवणं, पुन्हा तळवा दाखवणं. हे दोन्ही हातांनी. डाव्या हाताला उजव्याइतकाच वेळ द्यावा, हे सगळे सांगतात आणि फार थोडे पाळतात. मग दोन पत्ते, मग तीन. संख्या वाढवण्याची घाई हाच या विद्येतला मुख्य रोग आहे. पाच पत्ते इतक्या निवांतपणे काढावेत की मधल्या वेळी बोलता यावं, नंतरच सहावा. बोटांच्या फटीत सुरुवातीला कातडी सोलवटते. अशा वेळी त्या हाताला विश्रांती द्यावी. सुजलेल्या बोटाने केलेला सराव चुकीची पकड शिकवतो.

आरसा लागतो, पण त्याच्यावर विसंबू नये. गुप्त हालचालीच्या नेमक्या क्षणी आपण नकळत डोळे मिटतो, आणि आरशात आपल्याला हात नेहमीच स्वच्छ दिसतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तो समोर ठेवून चित्रण करावं, मग डाव्या टोकाला, मग उजव्या टोकाला, आणि एकदा बाल्कनीच्या उंचीवरून. पापणी लवते का हेही त्यात दिसतं. प्रेक्षक आपल्या डोळ्यांकडे बघत असतो, आणि ठरावीक क्षणी दर वेळी लवणारी पापणी त्याला बरंच काही सांगून जाते.

कार्डिनीच्या चित्रणात त्याचे डोळेच बघण्यासारखे आहेत. पत्ता हातात आला की तो पत्त्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात आनंद नसतो, आश्चर्य आणि किंचित त्रास असतो. शरीर थोडं डुलतं. हे डुलणं दारूच्या अंमलाचं, म्हणून कुणाला खटकत नाही. त्या डुलण्यात हात खाली येणं, वर जाणं, अंग वळणं हे सगळं सामावून जातं. पिसारा टाकण्याच्या वैतागलेल्या झटक्याआड पुढचा पिसारा तयार होतो. पत्ते टाकण्याला कारण आहे, म्हणून हात रिकामा होण्याला कारण आहे. अनेक चांगल्या हाताच्या कलावंतांच्या प्रयोगात पत्ते येतात आणि टोपीत टाकले जातात, पण का टाकले जातात याचं उत्तर नसतं. दक्षिण कोरियाच्या यू हो-जिनने २०१२ साली ब्लॅकपूलच्या जागतिक स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक मिळवलं तेव्हा त्याचे हात उघडे होते आणि व्यक्तिरेखा कार्डिनीच्या अगदी उलट, शांत आणि हळवी. त्याच्या हातातले पत्ते रंग बदलतात. तिथेही पत्ते आणि माणूस एकाच घडणीचे वाटतात. हातमोजे असण्यानसण्याला महत्त्व नाही, हात आणि माणूस यांचं जुळणं हवं.

आपल्याकडे हे प्रकरण वापरायचं तर हवेचा विचार आधी करावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागदी पत्ते सादळतात, फुगतात, एकमेकांना चिकटतात. जूनपूर्वी मऊसूत चाललेली गड्डी जुलैत गुच्छा होऊन येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून पत्ते ठेवावेत, आणि प्रयोगाची गड्डी सरावाच्या गड्डीपासून वेगळी असावी. प्लॅस्टिकचे पत्ते सादळत नाहीत, म्हणून अनेकांना मोह होतो. पण ते बोटांभोवती वाकून तसेच राहत नाहीत, सतत सरळ व्हायला बघतात, आणि चिमटीवर उलटा जोर लावतात. पिसाऱ्याच्या सरावाला चालतील, बॅक पामला मी ते देणार नाही. हातमोज्यांचा इथे एक अनपेक्षित फायदा होतो : घामेजलेला हात आणि कागद यांच्यामध्ये कापड येतं. मात्र सुती मोजा स्वतःच ओला झाला की पत्ता त्याला चिकटतो, म्हणून एक कोरडा जोड विंगेत तयार ठेवावा.

दुसरी गोष्ट मंचाची. कार्डिनी ज्या नाट्यगृहांत खेळला तिथे प्रेक्षक समोर होते. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात मुलं मंचाच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसतात, काही तर मागच्या पडद्याच्या फटीतून बघतात, आणि उभा पंखा पिसारा उडवून लावतो. अशा जागी वीस पत्त्यांचा बॅक पाम करणं हा अट्टहास आहे. चार किंवा पाच पत्ते ठेवावेत, मंचाच्या मागच्या भागात उभं राहावं, शरीर एका बाजूला वळवून मागच्या बाजूचा हातच वापरावा, आणि प्रयोगाआधी आयोजकांना सांगून पहिल्या ओळीची मुलं मंचाच्या रेषेपुढे बसवून घ्यावीत. पंखा बंद करता येत नसेल तर पिसारे गाळावेत. तेवढा वेळ गोळ्यांना किंवा रुमालांना द्यावा.

राहता राहिला हातमोज्यांचा प्रश्न. कार्डिनीचं बघून पहिल्याच दिवशी मोजे चढवावेत का? भूमिकेत हातमोजे बसत असतील तरच. कुर्ता घालणाऱ्या जादूगाराच्या हातात पांढरे मोजे परके दिसतात, आणि परकी वस्तू दिसली की प्रेक्षक तिच्यावरच नजर ठेवतो. तिथे उघडा हात, ब्रिज मापाचा पातळ पत्ता, आणि कोपरा झाकण्यासाठी बोटांची जास्त घट्ट जुळणी, एवढ्यावर काम करावं लागतं. ज्याच्या भूमिकेत ते शोभतात त्याने मात्र चांगल्या विणीचे, बोटांना फिट बसणारे मोजे घ्यावेत. शिवण बोटाच्या बाजूला असेल तर ती चिमटीच्या मध्ये येते आणि पत्ता तिरका धरला जातो. विकत घेताना मोजा घालून एक पत्ता बॅक पाममध्ये धरून बघावा. दुकानदार चमकून बघेल, बघू द्यावं.